पहारेकऱ्याचा चष्मा

१

अध्यक्ष होऊन मिस्त्रीला काय मिळणार होतं, याचा हिशेब मी निवडणुकीच्या आदल्या दिवशीच मनात मांडला होता. पगार नाही. गाडी नाही. एक खुर्ची, जिचा डावा हात त्याने स्वतःच ठोकून बसवलेला. पोलिसांचे टोमणे, की तुम्ही गुन्हेगारांचे लाड करता. आणि कैद्यांच्या नातेवाइकांचे टोमणे, की तुम्ही काहीच करत नाही. शिवाय बैठकीत न्यायाधीशसाहेब पेंगले की त्यांना न दुखावता जागं करायची जबाबदारी. एवढ्यासाठी कुणी चोरी करेल, असं मला तरी वाटत नव्हतं.

आमची संस्था तुरुंगातल्या माणसांचं काम बघते. नाहक आत गेलेल्यांसाठी कोर्टात झगडायचं, सुटून आलेल्यांना उभं राहायला हात द्यायचा, आणि आत असणाऱ्यांना निदान लिहावाचायला शिकवायचं. चालवणारे आम्ही पाच जण, पाचही बिनपगारी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीशसाहेब; वय झालं म्हणून ते त्या संध्याकाळी खुर्ची सोडणार होते. उपाध्यक्ष प्राध्यापिकाबाई, दर आठवड्याला तुरुंगात वर्ग घेणाऱ्या. वकीलबाई, वयाने सगळ्यांत लहान आणि आवाजाने सगळ्यांत मोठ्या. खजिनदार मी, म्हणजे बहुतेक वेळ रिकाम्या पेटीची राखण. आणि मिस्त्री. तो आपली शिक्षा पुरी भोगून, आत सुतारकाम शिकून बाहेर आला, आमच्या कार्यालयातली जवळजवळ प्रत्येक डुगडुगणारी वस्तू त्याने सरळ केली, आणि मग आमच्यातच बसला. संध्याकाळी खुर्चीसाठी दोन नावं होती: बाई आणि मिस्त्री.

भिंतीवर मिस्त्रीच्याच हाताने रंगवलेले आमचे दोन नियम आहेत. ‘इथे कुलूप लावत नाही.’ आणि त्याखाली, ‘आतल्या माणसाचा शब्द शेवटचा.’ म्हणजे असं, की एखाद्या कैद्यासाठी आपण काही करायचं, तर त्याला हवं तेच करायचं. आपल्याला त्याच्यासाठी बरं वाटतं ते नाही. पाहुणे हे नियम वाचून भारावतात. त्या दिवशी त्याच नियमांनी आमची पार दाणादाण उडवली.

दुपार होत आली होती. वकीलबाई वादळासारख्या आत आल्या, फडताळावरची पत्र्याची लहान डबी त्यांनी उचलली आणि म्हणाल्या, “चला! आज तीन वाजता शिंपी सुटणार. लिहून ठेवा.”

मग डबी हलवून बघितली. मग उघडली.

“अहो,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला ऐकू येईनासा झाला, “चष्मा कुठंय?”

२

“कसला चष्मा?” दारातून प्रश्न आला.

दारात माझी आत्या उभी होती. संध्याकाळच्या निवडणुकीत मतं मोजायला बाहेरचं कुणी असावं म्हणून मी तिला बोलावलं होतं, आणि ती नेहमीप्रमाणे वेळेच्या कितीतरी आधी आली होती. आत्याने सारी नोकरी विमा कंपनीत काढली. जळालेली दुकानं, बुडालेली जहाजं आणि मेलेल्या नवऱ्यांचे दावे तपासणं हे तिचं काम. त्यांतले निम्मे नवरे तिने जिवंत शोधून काढले, असं ती सांगते.

“बसा आत्या, सांगते,” वकीलबाई म्हणाल्या. पण बसल्या मात्र नाहीत, फेऱ्या मारत बोलू लागल्या.

शिंप्याची हकीकत अशी. नऊ वर्षांपूर्वी एका कापडाच्या गोदामाला रात्री आग लागली आणि आत झोपलेला एक कामगार गेला. गोदामाच्या मालकाशी शिंप्याचं दुपारीच भांडण झालेलं. समोरच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने साक्ष दिली: गोदामातून पळणारा माणूस मी पाहिला, अंगात शिंप्याचा चौकड्यांचा कोट होता. तो कोट गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा. शिंपी कोर्टात म्हणाला, “कोट माझा, आणि कोटातला माणूसही मीच.” संपलं.

“मारून वदवून घेतलं असणार,” वकीलबाई म्हणाल्या. “तो मला काही सांगत नाही. पण पहारेकरी गेल्या वर्षी वारला, आणि त्याची बायको ही डबी घेऊन आली. आत जाड भिंगांचा चष्मा! साक्षीत काय म्हणाला होता? मला चष्मा लागत नाही. का? तर चष्मा लावणाऱ्या माणसाला पहाऱ्यावर ठेवत नाहीत, म्हणून नोकरीच्या ठिकाणी तो लावायचाच नाही. चष्मा ज्याने बनवला तो चष्मेवाला आज कोर्टात येतोय. त्याने स्वतः तारेने दांडी बांधून दिली होती, बघताक्षणी ओळखेल. पण दाखवू काय त्याला? डबी?”

“शिंप्याचं घरचं कुणी?”

“म्हातारी आई, आणि एक धाकटा भाऊ. तो विचित्रच आहे. तुरुंगात भेटायला एकदाही गेला नाही. पण कोर्टाच्या प्रत्येक तारखेला येतो, आणि बाहेरच्या व्हरांड्यात उभा राहतो. आत पाऊल टाकत नाही.”

आत्याने डबी हातात घेतली, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“काय रे हिशेबनीस,” ती मला म्हणाली. (लहानपणी मी गोट्या मोजून झोपायचो, तेव्हापासून मला हेच नाव.) “तुला चष्मा चोरायचा असता तर डबीसकट खिशात टाकला असतास की डबी ठेवून गेला असतास?”

“डबी ठेवली तर चोरी उशिरा कळते.”

“हं. हे एक झालं. दुसरं?”

 तेवढ्यात मिस्त्री आला, त्याच्यामागे न्यायाधीशसाहेब, आणि बातमी ऐकताच जे व्हायचं ते झालं.

“मिस्त्री,” साहेब घाईने म्हणाले, “आमच्यापैकी कुणाचाही तुमच्यावर संशय नाही, बरं का.”

“मुळीच नाही,” मी म्हणालो.

“प्रश्नच येत नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानामागे ठेवली. “अजून कुणी विचारलंही नाही, तोवर तिघांनी माफ केलंत. बाहेरचे लोक बरे, सरळ चोर म्हणतात.”

आत्या खुदकन हसली. “मी म्हणते. तू घेतलास का रे चष्मा?”

“नाही, आत्या.”

“काल संध्याकाळी शेवटी कोण गेलं?”

“सगळे एकदमच निघालो. पण माझी मापाची टेप राहिली म्हणून मी वाटेतून परतलो.” त्याने पेन्सिल पुन्हा काढली. “आत दिवा होता. फडताळापाशी कुणीतरी उभं होतं. मी टेप न घेताच गेलो.”

“कोण होतं?”

मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “आत एक गोष्ट शिकलो. मारलं तरी दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. हवं तर ती खुर्ची मला देऊ नका, पण ते नाव माझ्या तोंडून येणार नाही.”

३

आता हिशेब स्वच्छ होता, निदान मला तसा वाटला. शिंपी आतच राहिला तर फायदा कुणाचा?

न्यायाधीशसाहेबांचा, हे मला आधी सुचलं आणि लाज वाटली. शिंप्याला शिक्षा देणारा न्यायाधीश त्यांच्याच हाताखाली तयार झालेला; अजून घरी येतो, पाया पडतो. त्याचा निकाल उलटला तर साहेबांच्या तोंडाला कडू लागणारच. आणि त्या दिवशी साहेब एका हाताने पँट धरून उभे होते.

हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. तुरुंगाच्या फाटकावर भेटीला येणाऱ्याच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवतात. पट्टा, नाणी, किल्ल्या, डबे, सगळं बाहेरच्या खणात. जाऊन आलेला आमचा माणूस गावभर ओळखू येतो: एक हात पट्टा विसरलेल्या पँटीला, दुसऱ्यात किल्ल्या-नाणी बांधलेला रुमाल.

“साहेब,” आत्या म्हणाली, “पट्टा कुठे विसरलात?”

“फाटकावर,” साहेब ओशाळून म्हणाले. “गेल्या आठवड्यात. रोज ठरवतो की आज आणायचा.”

“गेल्या आठवड्यात? आज नाही?”

“आज मी सकाळभर दातांच्या डॉक्टरकडे होतो. हे बघा.” त्यांनी तोंड उघडून पुरावाच दाखवला. अर्धा गाल सुजलेला, शब्द डावीकडे घरंगळत होते. “आणि आत्याबाई, तुम्हाला वाटत असेल की तो निकाल माझ्या शिष्याचा, म्हणून मी... तर ऐका. तो निकाल वाचून मी त्याच दिवशी त्याला झापलं होतं. एक साक्ष आणि एक कबुली, तेवढ्यावर जन्मठेप! आमच्या घरी तो येतो तो पाया पडायला नाही, अजून तेच भांडण भांडायला.”

“दात खरा आहे,” आत्या माझ्या कानात म्हणाली. “खोड साहेबांना.”

दार ढकलून प्राध्यापिकाबाई आल्या. “उशीर झाला, कॉलेजातून सरळ येतेय,” त्या म्हणाल्या. नेहमी त्यांचा अंबाडा असा घट्ट, की त्यातल्या आकड्यांवर आम्ही विनोद करतो: बाईंना वीज लागली तर पूर्ण गाव उजळेल. त्या दिवशी पाठीवर साधी वेणी होती, टोकाला कापडाची चिंधी. कपाळावर भुवईच्या वर एक ताजं टेंगूळ.

“बाई, हे काय लागलं?” वकीलबाई म्हणाल्या.

“दाराला धडकले. घाईत होते.”

चष्मा नाहीसा झाल्याचं सांगितल्यावर बाई खाली बसल्या. “अरेरे,” एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि माझ्या मनातल्या वहीत एक ओळ आपोआप उमटली. आजची केस बुडाली, तर बोट कुणाकडे जाणार? सकाळी कार्यालय उघडणाऱ्या मिस्त्रीकडे. मग खुर्ची कुणाची?

मी हे आत्याच्या कानात घातलं. तिने माझा कान धरला, म्हणजे खरोखरच धरला.

“गाढवा, बेरीज बरोबर आहे, पण रकाना चुकलास. चल, मोठ्याने सांगते सगळ्यांना. चष्मा घेणारी व्यक्ती या खोलीत आहे. आणि आज सकाळी ती तुरुंगात जाऊन आली आहे.”

४

“डबी का राहिली?” आत्या खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली. “कारण चष्मा जिथे न्यायचा होता तिथे पत्र्याची डबी आत सोडत नाहीत. खिशातला चष्माही बाहेर काढून ठेवायला लावतील. पण डोळ्यावरचा चष्मा कोण काढतं? तो माणसाचा अवयवच समजतात. म्हणून आमची चोर तो घालून आत गेली. दुसऱ्याचा, जाड भिंगांचा चष्मा घालून! फाटकापासून भेटीच्या खोलीपर्यंत तिला काय दिसलं असेल? धुकं. आणि त्या धुक्यात एक दार.”

सगळ्यांच्या नजरा टेंगळाकडे वळल्या.

“कॉलेजात अंबाड्याचे आकडे काढून ठेवायला लावत नाहीत, बाई,” आत्या हळूच म्हणाली. “फाटकावर लावतात.”

बाईंनी वेणी पुढे घेतली, मागे टाकली. मग ताठ बसल्या. “मीच घेतला. काल संध्याकाळी. मिस्त्री, तुम्ही मला पाहिलंत ना? गप्प राहिलात. आभार.”

“बाई!” वकीलबाई ओरडल्या. “एका खुर्चीसाठी?”

“खुर्ची?” बाईंना खरंच हसू आलं. “ती डुगडुगणारी? मी संध्याकाळी माझंच मत मिस्त्रीला देणार होते.”

“मग का?”

“ते सांगता येणार नाही. शब्द दिलाय.”

“शिंप्याला,” आत्या म्हणाली.

 बाईंनी भिंतीवरच्या दुसऱ्या नियमाकडे पाहिलं, आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. ही चूक जगात दुसरं कुणी केली नसती. चोराने चोरी लोभाने केली असती, वैऱ्याने वैराने. आमच्या बाईंनी ती नियम पाळून केली.

“त्यालाच नको आहे,” मी म्हणालो. “त्यालाच सुटायचं नाही.”

“वकीलबाईंनी चष्म्याचं सांगितलं तेव्हा तो गप्प बसला,” बाई सावकाश म्हणाल्या. “मग वर्गात माझ्याकडे येऊन म्हणाला, तो पुरावा कोर्टात जाऊ देऊ नका. कारण सांगितलं, शपथ घातली. मी म्हटलं, वस्तू तुझ्या आयुष्याची आहे, आधी डोळ्यांनी बघ. म्हणून घालून गेले. मधे जाळी होती. त्याने बघितला आणि तेच म्हणाला: नको. मला तो मोडून टाकता आला नाही. पण कोर्टात जाऊही देणार नाही. कुठे ठेवलाय ते विचारू नका.”

“बाई, तो माणूस आत सडेल हो!” वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “आईला शब्द दिलाय मी त्याच्या!”

“आणि मी त्याला.”

घड्याळ बघायचं धाडस कुणालाच होईना. साहेबांनी उठून बाईंच्या पिशवीकडे पाहिलं. बाईंनी ती स्वतःच टेबलावर उलटी केली. खडू, रुमाल, आकड्यांची पुडी. चष्मा नाही.

आत्या मात्र कोपऱ्यातल्या मोठ्या खोक्याकडे बघत होती. “हे काय आहे?”

“दान आलेले चष्मे,” मी म्हणालो. “आतल्या लोकांना वाचायला. आम्ही आवाहन केलं होतं, घरातले जुने वाचायचे चष्मे द्या म्हणून. संध्याकाळी बाईच घेऊन जाणार आहेत.”

खोक्यात एकसारख्या निळ्या कापडी पिशव्यांचा ढीग होता, तुरुंगाच्या शिवणखात्यात शिवलेल्या. प्रत्येकीत एक चष्मा. तारेने बांधलेली दांडी हुडकायला बसलो, तर निम्म्या चष्म्यांना तार नाहीतर दोरा! गरीब घरांतून आलेलं दान. जाड काचा तर सगळ्यांच्याच.

“सगळ्या आजोबांचे चष्मे असेच दिसतात,” मिस्त्री हताश होऊन म्हणाला. “एकेक चष्मेवाल्याला दाखवायचा का कोर्टात?”

“वर्तमानपत्र आण,” आत्या म्हणाली.

तिने ते टेबलावर पसरलं. एक चष्मा अक्षरांवर धरला. अक्षरं फुगून मोठी झाली. बाजूला ठेवला. दुसरा: मोठी. तिसरा: मोठी. “वाचायच्या चष्म्यात अक्षर मोठं दिसतं. लांबचं न दिसणाऱ्याचा चष्मा उलटा असतो. धरा सगळ्यांनी! काय बघत बसलात?”

मग जी काय धांदल उडाली! निवृत्त न्यायाधीश, वकील, खजिनदार आणि सुतार, चौघं एका वर्तमानपत्रावर ओणवे, कोपराला कोपर. साहेब ‘मोठं, मोठं’ असं सुजल्या तोंडाने पुटपुटत होते. मोठं. मोठं. मोठं.

“लहान!” मिस्त्री किंचाळला.

त्याच्या हातातल्या भिंगाखाली ठळक मथळा मुंगीएवढा झाला होता. दांडीला तार होती.

“तुरुंगातून परतताना, इथे कुणी नसताना टाकला होता,” असं म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले. “आता तरी त्याला विचारा,” त्या म्हणाल्या. “त्याच्या परवानगीशिवाय आत नेऊ नका. एवढं तरी.”

“विचारणार,” आत्या म्हणाली. “पण तुम्ही विचारलंत तसं जाळीतून नाही. उठा, तुम्हीही चला.”

५

साहेबांची गाडी होती, म्हणून साहेबांनी चालवली. हिरवा दिवा असला तरी खात्री करून पुढे जाणारे साहेब. मागे वकीलबाई दर चौकात देवाचं नाव घेत होत्या, आणि शेवटच्या चौकात साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा लाल दिवा तोडला. “दंड माझ्या नावावर,” असं म्हणून त्यांनी हॉर्नही वाजवला.

वाटेत आत्याने बाईंना एकच प्रश्न विचारला. “तो वाचवतोय तो धाकटा भाऊच ना? मान हलवू नका, शब्द मोडेल. मी खिडकीतून बाहेर बघते.”

कोर्टाच्या व्हरांड्यात शिंपी बाकावर बसला होता, दोन शिपायांच्या मधे. हडकुळा, नीटनेटका, सुटलेला धागा दिसला की हात शिवशिवणारा. बाईंना आमच्याबरोबर बघून त्याचा चेहरा पडला. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबाआड, धाकटा उभा होता. शेजारी त्याची बायको.

“बाई, तुम्ही सांगितलंत?” शिंपी म्हणाला.

“एक अक्षर नाही रे.”

“मीच सांगते,” आत्या त्याच्यासमोर वाकली. “त्या रात्री तुझा कोट धाकट्याने नेला होता. पहारेकऱ्याने कोट ओळखला, माणूस नाही. तुला वाटलं, कोटात तो होता. म्हणून म्हणालास, मीच. आणि आता वाटतंय, चष्मा आला की कोर्ट म्हणेल, पहारेकऱ्याला चेहरा नीट दिसला नसेल, मग कोटात दुसरं कोण होतं ते शोधा. असंच ना?”

शिंप्याने बाहीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला. शिपायांपैकी एकाने घड्याळ दाखवलं.

“शब्द तुझाच शेवटचा,” आत्या म्हणाली. “तू नको म्हणालास तर हा चष्मा मी आत्ता डबीत घालून पहारेकऱ्याच्या बायकोला परत करेन. पण आधी एकदा घाल.”

तिने चष्मा त्याच्या नाकावर ठेवला.

शिंपी दचकून मागे सरकला. हात पुढे करून चाचपडू लागला. “हे... हे काय?”

“तो खांब दिसतो? खांबापाशी कोण आहे?”

“कुठला खांब? काहीच दिसत नाही. नुसतं पांढरं.”

तेवढ्यात चष्मेवाला पुढे आला होता. तार बघून त्याने मान डोलावलीच होती. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “चांगल्या डोळ्याला हा चष्मा घातला की असं होतं. त्या बिचाऱ्याचं उलट. काढला की असं व्हायचं.”

“आणि कामावर तो काढूनच असायचा,” आत्या म्हणाली. “रस्त्यापलीकडे, रात्री. त्याला चेहरा दिसला नाही, हे खरं. पण कोट दिसला? चौकड्या दिसल्या? अरे, त्याला माणूस की म्हैस हे दिसलं नसतं! त्याने कुणालाच पाहिलं नाही. डुलकी लागली असणार. तसं सांगितलं तर नोकरी गेली असती, म्हणून गल्लीत जे बोललं जात होतं ते नाव त्याने घेतलं, आणि नावासोबत तुझा कोट.”

शिंप्याने चष्मा काढला.  “मग धाकटा?”

“त्यालाच विचार ना. नऊ वर्षं दोघांनी एकमेकांना तेवढंच विचारलं नाही.”

मिस्त्री आधीच खांबाकडे धावला होता आणि धाकट्याला दंडाला धरून आणत होता. धाकटा आला, थोरल्यासमोर उभा राहिला, आणि एकदम फुटला.

“तूच कबूल केलंस ना दादा! कोट माझ्या अंगावर असताना तू म्हणालास, कोटात मीच होतो. मला वाटलं, तू आग लावलीस, आणि साक्ष कशी का खोटी असेना, माणूस तर खरा मेला. तुझ्या तोंडाकडे कुठल्या तोंडाने बघू?”

“तू कुठे होतास त्या रात्री?”

धाकट्याची मान खाली गेली. त्याच्या बायकोने पदर खोचला आणि ती पुढे झाली.

“सिनेमाला, भावोजी. माझ्यासोबत. तेव्हा आमचं ठरलं नव्हतं, घरी सांगायची यांची हिंमत नव्हती. कोट छाप पाडायला आणला होता. मध्यंतरात यांनी अख्खा चहा कोटावर सांडला. डाग अजून आहे. आणू का?”

शिंपी हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मग, माणूस शेवटी शिंपी, म्हणाला, “चहाचा डाग? लगेच गार पाण्यात नाही का टाकलास, मूर्खा!”

पुकारा झाला. वकीलबाईंनी चष्मा पुढे धरला आणि, मला हे आयुष्यभर आठवेल, कोर्टाला उशीर होत असताना त्या थांबल्या. “नेऊ का?” त्यांनी विचारलं.

“न्या,” शिंपी म्हणाला. “पळा!”

६

त्या दिवशी तो जामिनावर बाहेर आला. निर्दोष सुटायला पुढे काही महिने लागले. आगीचं कारण जळक्या वायरींत निघालं. आगीच्या अहवालात तशी शंका तेव्हाही होती, पण साक्षीदार हाताशी असताना वायरींना कोण विचारतो?

संध्याकाळी निवडणूक झाली. बाईंनी आधी राजीनामा टेबलावर ठेवला. मिस्त्री एकमताने निवडून आला, डुगडुगती खुर्ची सावरून बसला आणि त्याने अध्यक्ष म्हणून पहिलं काम केलं: तो राजीनामा फाडला.

“एकदा चुकलेल्या माणसाला बाहेर काढायचं असेल,” तो म्हणाला, “तर आपण दुकान कसलं चालवतोय?”

बाईंनी शिक्षा मागितलीच. मिस्त्रीने दिली: नियमाखाली आणखी एक ओळ स्वतःच्या हाताने रंगवायची. ‘आधी त्याला सगळं दाखवा.’ बाईंचं अक्षर भिंतीवर वाकडं आलंय. मिस्त्रीने ते सरळ करायला नकार दिला.

सगळे गेल्यावर आत्या आणि मी चहा घेत बसलो, आणि सवयीप्रमाणे मी एकेकाचं खातं मिटवू लागलो. एका डुलकीची किंमत कुणी किती फेडली? शिंप्याने नऊ वर्षं. धाकट्याने तेवढीच वर्षं एका खांबाआड. बाईंनी एक टेंगूळ आणि भिंतीवरचं वाकडं अक्षर. साहेबांनी लाल दिव्याचा दंड, ज्याची पावती ते आता मित्रांना हौसेने दाखवत हिंडतात. मेलेल्या कामगाराने सगळ्यांत जास्त, आणि त्याचा यात काहीच संबंध नव्हता.

“ज्याने डुलकी घेतली त्याने मात्र काहीच नाही,” मी म्हणालो. “पहारेकरी फुकट सुटला.”

“त्याची बायको आज कोर्टात कुठे बसली होती, बघितलंस?” आत्या म्हणाली.

बघितलं होतं. सगळ्यांत मागच्या बाकावर, रिकामी डबी मांडीवर घेऊन. कुणी न बोलावता ती आमच्याकडे आली होती. आणि आज, भरल्या खोलीत, आपला नवरा त्या रात्री झोपला होता आणि साक्षीत खोटं बोलला, हे तिने उभं राहून, न रडता सांगितलं होतं.

“खोड त्याचं नाव,” आत्या म्हणाली. “तिचं लिही.”